जावा एका रांगेत

दसऱ्याचं सोनं अजून देव्हाऱ्यातच सुकत पडलेलं असतं आणि इकडे महाल भागातल्या आमच्या गल्लीत चुना भिजायला लागतो. कापलेली पिंपं, फुटकी घमेली, जुने हंडे, ज्याच्या घरी जे असेल ते दारात येतं. कळीच्या चुन्याचे खडे पाण्यात पडले की पाणी खदखदतं, वाफ उठते, आणि ओल्या चुन्याचा तो वास नाकात शिरतो. ऑक्टोबरचं आमच्या नागपूरचं ऊन म्हणजे दुसरा उन्हाळाच. अंगाची काहिली होत असते, त्यात हा वास. माझे हात जागच्या जागी थांबतात. भावजय स्वयंपाकघरातून ओरडते, "ताई, कुठं हरवल्या? दूध उतू जाऊन राहिलं ना!"

दूध उतू गेलेलं असतंच. मी गॅस बंद करते, ओटा पुसते आणि पुन्हा तिथंच जाते. तिथं म्हणजे कोकणातल्या एका लहानशा बंदरावर. लग्नानंतरचा माझा पहिला ऑक्टोबर मी तिथं काढला, आणि त्यालाही आता वीस वर्षं होत आली.

नागपूरच्या मुलीचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, नाहीतर नळ. तोही यायचा तेव्हा. संबंध जुळला तो एका शब्दापायी. माझ्या बाबांचं गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं, चुना, गेरू, पिवडी आणि नीळ विकायचं. मुंबईच्या एका लांबच्या मावशीनं स्थळ आणलं आणि सांगितलं, "मुलगा बत्तीवर आहे. सरकारी नोकरी, राहायला जागा." कोकणात बत्ती म्हणजे दीपगृह, जहाजांना वाट दाखवणारा मनोरा. हे तिकडं पोराटोरांनाही ठाऊक. आमच्या नागपुरात बत्ती म्हणजे विजेचा दिवा. बत्ती आली, बत्ती गेली, बत्ती बुझव. बाबांनी ऐकलं ते असं की मुलगा विजेच्या खात्यात आहे. त्यांना इतका आनंद झाला की ते गल्लीभर सांगत सुटले, "पोरीच्या घरी बत्ती कधी जाणार नाही!"

कोणी कोणाला फसवलं नाही हो. मुलाकडच्यांना वाटलं, आम्हाला माहीत आहे. आम्हाला वाटलं, आपल्याला माहीत आहे. लग्न मे महिन्याच्या नागपुरी उन्हात लागलं. कोकणातून आलेल्या वऱ्हाडातली चार माणसं भोवळ येऊन मांडवात आडवी झाली, त्या गडबडीत पुढचं विचारायला कोणाला उसंत मिळाली नाही.

पावसाच्या तोंडावर मी तिथं पोचले. संध्याकाळ होती. यांनी दार उघडलं, काडी ओढली आणि कंदील लावला. मी विचारलं, "बत्ती कधी येणार?" हे खिडकीतून बाहेर बोट दाखवून म्हणाले, "ती काय, समोर आहे." समोर एक बुटका, जाडजूड, पांढरा मनोरा उभा होता आणि त्याच्या डोक्यावर काचेच्या खोलीत रॉकेलचा दिवा जळत होता. मी आधी त्या दिव्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि मग भोकाड पसरलं. हे बिचारे पाणी आणायला धावले.

तो पावसाळा मी रडण्यात आणि कपडे वाळवण्यात घालवला. दोन्ही कामं काही पुरी झाली नाहीत. भाषेची आणखी तऱ्हा. "का?"ऐवजी "काहून?" म्हटलं की बायका हसायच्या. मी हो या अर्थानं हाव म्हटलं की त्यांना वाटायचं, मला कसलीतरी हाव सुटली आहे. चीड येऊन मी बोलणंच टाकलं. काम मात्र करत होते. यांच्या दिव्याची चिमणी पुसायचं काम मी आपण होऊन घेतलं, कारण घरात बसून छपराची गळती मोजण्यापेक्षा ते बरं. पुसताना तोंडानं शिव्या चालू असायच्या, अगदी अस्सल महालातल्या. समुद्राला त्या कळत नव्हत्या हे बरं.

बाळा तांडेल नावाचा एक म्हातारा नाखवा रोज सकाळी रॉकेलचा डबा उचलायला यांना हात द्यायचा. त्यानं मला पहिल्यांदा ते बंदर समजावून सांगितलं. आत यायची वाट अरुंद, दोन्ही अंगांना पाण्याखाली खडक. बत्त्या दोन. एक मागं टेकडीवर, उंच. तिची व्यवस्था दुसऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे होती. एक पुढं पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बुटकी, ती यांच्याकडे. समुद्रातून येताना दोन दिवे शेजारी-शेजारी दिसले तर समजायचं, आपण वाट सोडून आहोत. नाव हळूहळू सरकवायची, आणि वरचा दिवा खालच्याच्या नेमका डोक्यावर आला की डोळे मिटून आत. तिथले लोक उंचीला थोरली आणि बुटकीला धाकटी म्हणत. दोघी मिळून जावा. जावा एका रांगेत आल्या म्हणजे वाट सापडली.

"घरातल्या जावा एका रांगेत आल्या तर घर बुडता," बाळा तांडेल दात नसलेलं हसायचा, "ह्या आल्या तर नाव तरता."

गंमत अशी की धाकटी वयानं थोरलीपेक्षा मोठी. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते असं, की आधी पुळणीवर नुसता दगडांचा ढीग होता आणि नावा बाहेर असल्या की कोळणी त्यावर जाळ करायच्या. मग कोणा व्यापाऱ्याचा माल बुडाला म्हणून त्यानं तिथं चौथरा बांधला. मग इंग्रज साहेबाच्या राज्यात मनोरा झाला. टेकडीवरची त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. मी विचारलं, "मग हिला धाकटी काहून म्हणता?" बाळा तांडेल म्हणाला, "थोरल्या भावाचा लगीन उशिरा झाला, वैनी." एवढ्या महिन्यांत त्या बंदरावर मी पहिल्यांदा हसले ती या वाक्याला.

पाऊस सरला आणि मनोरे पांढरे करायचे दिवस आले. पावसानं भिंतींवर शेवाळ धरतं, काळे ओघळ येतात. दिवसा नावांना पांढरा मनोराच दिसायला हवा, म्हणून दरवर्षी पावसानंतर नावा पुन्हा पाण्यात उतरल्या की भिंती खरवडायच्या आणि चुना द्यायचा. यांनी शिंपल्यांचा चुना भिजवला. वास आला आणि मला आमची गल्ली, दुकान, बाबांचे पांढरे झालेले पाय, सगळं एकदम दिसलं. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

त्याच सुमाराला वरच्या कचेरीतून बातमी आली. थोरलीला नवा, लांबवर दिसणारा दिवा बसणार, मग धाकटीचं काय काम? धाकटी बंद करायची, पाडायची, दगड धक्क्याच्या कामाला वापरायचे. साहेब येऊन एकदा पाहून जातील की झालं. हिच्यावरच्या माणसाची बदली होईल, बहुतेक एखाद्या शहरातल्या कचेरीत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शहर म्हटल्यावर मला नागपूरच दिसलं. आमच्या गल्लीतल्या मारुतीला मी तिथूनच नवस बोलले, की धाकटी एकदाची पडू दे, तुला अकरा नारळांचं तोरण घालीन. कोकणात राहून नारळाचा नवस बोलायला काय जातं म्हणा. तरी मनापासून बोलले. मला त्या मनोऱ्याचं काही वाईट करायचं नव्हतं. मला घरी जायचं होतं.

यांचं मात्र उलट झालं. मुळातच माणूस कमी बोलणारा. त्या बातमीनंतर हूं आणि हं यावरच भागवायला लागले. आणि सकाळी उठून धाकटीला चुना द्यायला शिडीवर चढले. मला रागच आला. मी खालून ओरडले, "पाडायच्या भिंतीला कोणी चुना लावतं का?"

वरून कुंचला चालवता चालवता हे म्हणाले, "अजून पाडलेली नाही ना."

एवढंच बोलले. दुसरा हातही दिला, नीट, कोपरेसुद्धा न सोडता.

इकडे घरी मी खरं काही कळवलं नव्हतं, पण कधीतरी पत्रात सहज लिहून गेले होते की पावसात रॉकेल वेळेवर मिळत नाही, फार हाल होतात. विजेच्या खात्यातल्या माणसाच्या घरी रॉकेल कशाला, असा बाबांना प्रश्न पडला. त्यांनी त्या मुंबईच्या मावशीला गाठलं आणि उलगडा झाला. बाबा दिवाळीच्या तोंडावर, ऐन धंद्याचे दिवस टाकून, रेल्वे, मग एस.टी., मग होडी असं करत थेट बंदरावर उतरले. खांद्यावर संत्र्यांची पिशवी, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा लालबुंद.

"सामान बांध," पाण्याचा पेलाही हातात न घेता ते म्हणाले. "मले फसवलं नाही कोणी, मीच फसलो. पण तू काहून भोगून राहिली? चाल घरी. जावईबापूंले येऊ दे मागून बदली झाली की."

हे दारात उभे होते. म्हणाले, "तिची इच्छा असेल तर न्या. मी अडवणार नाही." आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

बाबा दोन दिवस थांबतो म्हणाले, अंग दुखत होतं. आणि माझ्या बाबांचं म्हणजे असं, की चुन्याच्या भिंतीजवळून ते हात न लावता पुढं जाऊच शकत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर धाकटीच्या भिंतीवर अंगठा घासून उभे! "बाप्पा बाप्पा, चुना हाय का मलाई?" जावयावरचा राग तसाच होता, भिंतीशी त्यांचं आधी जमलं. दुपारी धोतर खोचून तेच शिडी धरायला लागले. यांना म्हणत, "जावईबापू, जरासक गूळ टाकत जा ना चुन्यात." हे म्हणत, "इथं मुंग्या लागतात, मामा." दोघांत एवढंच बोलणं, पण झालं. मी खिडकीतून पाहत होते आणि सामान बांधत होते. ट्रंकेत साड्या घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते. जायचं होतं, अगदी जायचंच होतं, मग हात का अडत होता ते कळत नव्हतं.

हल्ली आम्ही नागपूरलाच असतो. धाकटीवर आपोआप लागणारा दिवा बसला, माणसाची गरज उरली नाही, आणि हे माझ्या भावाबरोबर बाबांच्या दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हा चुना पकड घेईन का?" हे कोकणी हेल काढून म्हणतात, "घेईल हो, पण घाई करू नका." गल्लीतले पोट्टे त्यांची नक्कल करतात. यांना पत्ता नसतो.

मागच्या आठवड्यात बाळा तांडेलचा मुलगा सदा आला होता, खास आम्हाला भेटायला. म्हणाला, बंदरावरच्या मंडळींनी दोन्ही बत्त्या जपायचं ठरवलंय, जुन्या वास्तू म्हणून. मध्ये कोणीतरी धाकटीला सिमेंटचा गिलावा केला, तो आता पापुद्र्यांनी सुटतोय आणि आतला दगड ओल धरतोय. जुना चुना कसा करायचे ते काकांना विचारायला आलो. हे खुर्चीत सरळ झाले आणि तासभर बोलले. इतकं बोलताना मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सदा म्हणाला, भोवती कुंपण घालू, पाटी लावू, लोक पाहायला येतील.

मला ते बरंही वाटलं आणि कुठंतरी टोचलंही. सदा गेल्यावर मी यांना म्हटलं, "कुंपण कशाला? हिला कोणापासून वाचवायचंय?" हे म्हणाले, "माणसांपासून." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण दिवा चालू ठेवा म्हटलं त्याला. दिवा चालू असला की भिंतीकडे लक्ष राहतं." मला पटलं. घरही तसंच असतं. राबतं असलं की टिकतं. बंद करून कुलूप घातलं की वाळवीला आमंत्रण. एखादी वस्तू जुनी आहे म्हणून कोणी तिच्यासाठी शिडीवर चढत नाही. धाकटी वीस वर्षं राहिली ती तेव्हा पाहणीला आलेल्या त्या साहेबांच्या एका शब्दावर. ते जाताना म्हणाले होते, "तूर्त राहू द्या." सरकारी तूर्त हे केवढं टिकाऊ असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक.

आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो त्या संध्याकाळमुळे.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे बाबा बाळा तांडेलच्या नावेतून समुद्रात गेले होते. मी नको नको म्हणत होते. ते म्हणाले, "नागपूरले कोणी विचारलं, समुद्र कसा असते, तं सांगता आलं पाहिजे ना मले!" नाव दुपारी परतायची होती. दुपारी वारा पडला, शिडाची नाव खोळंबली आणि पश्चिमेला परतीच्या पावसाचं काळं आभाळ चढायला लागलं. तेवढ्यात साहेब आले. सभ्य माणूस, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. त्यांनी यांना समजावून सांगितलं, की आज अंधार पडला तरी धाकटी लावू नका. फक्त थोरली लावू द्या. नावा कशा येतात ते मी स्वतः पाहतो, म्हणजे ठरवायला बरं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पाहिल्याशिवाय पाडा म्हणणारा तो माणूस नव्हता.

टेकडीवर थोरली लागली. इतर नावा केव्हाच परतल्या होत्या, एक बाळा तांडेलची तेवढी बाहेर. पाऊस सुरू झाला आणि पाणी आणि आभाळ एक झालं. मी घरातून धावत पुळणीवर आले. लांब एक मिणमिणता कंदील दिसत होता, नावेवरचा. तो सरळ येत नव्हता. डाव्या अंगाला, खडकांकडे सरकत होता.

मी धाकटीचा जिना चढले. वर काचेच्या खोलीत साहेब दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते. हे दिव्यापाशी होते. वात कापलेली, रॉकेल भरलेलं, काडेपेटी हातात. म्हणत होते, "साहेब, नाव बाहेर आहे. लावू का?" साहेब म्हणाले, "अजून थोडं थांबू."

सरकारी नोकरानं हुकूम मोडायचा नसतो. पण मी कुठं सरकारी नोकर होते? मी यांच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली. साहेब गोंधळून म्हणाले, "बाई, चाचणी चालू आहे."

"तुमची चाचणी उद्या करा ना!" मी ओरडले. "माझे बाबा आज पाण्यात हायेत!"

हे बाजूला झाले. वाऱ्याच्या बाजूनं आडवे उभे राहिले. पहिली काडी विझली. दुसरी विझली. हात इतके ओले होते की तिसरी धरवेना. मग ती पेटली आणि मी वातीला लावली. आठवडाभर मी जिच्या पडण्याची वाट पाहत होते तिच्यापुढं मी मनानं हात जोडत होते, की माय, लाग, एवढ्यापुरती लाग. वातीनं पेट घेतला, मी ती मोठी केली. पाठीमागं साहेब शिंकले आणि म्हणाले, "चिमणी नीट बसवा. काजळी धरेल."

मी चिमणी बसवली आणि काचेला कपाळ टेकून बाहेर पाहिलं. कंदील जागेवर थांबला. बराच वेळ तसाच हलत राहिला. मग उजवीकडं सरकला. थोडा, आणखी थोडा. आणि मग सरळ, एकाच रेषेत, आमच्याकडं यायला लागला. साहेबांनी दुर्बीण खाली घेतली.

मी पुळणीवर उतरले तेव्हा बाळा तांडेल बाबांना बखोटीला धरून पाण्यातून आणत होता. बाबा नखशिखांत भिजले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. हे पुढं झाले, आपलं घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं. बाबांनी दम खाल्ला आणि विचारलं, "जावईबापू, बत्ती इतकी उशिरा काहून लावली गा?"

"मी नाही लावली, मामा," हे म्हणाले. "हिनं लावली."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काजळीनं काळे झाले होते. त्यांनी ते आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता तुले कसं नेऊ वं माय?" ते म्हणाले.

"नका नेऊ, बाबा," मी म्हटलं.